हिमाचलातील डोंगरघराची हिवाळ्यापूर्वीची शाकारणी

कोकणात मृगाच्या आधी घर शाकारण्याची सवय असलेल्या माणसाला हिमाचलात गेल्यावर कामांचे पंचांग नव्याने मांडावे लागते, कारण तेथे हीच लगबग दसऱ्याच्या आगेमागे करावी लागते. कुल्लू जिल्ह्यातील बंजारच्या परिसरात, सुमारे २,२०० मीटर उंचीवर आणि मोटाररस्त्यापासून पाऊण तासाच्या चढणीवर असलेले एक जुने दुमजली लाकडी घर मी व माझ्या पत्नीने काही वर्षांपासून भाड्याने घेतले आहे. हिमाचलात शेतकरी नसलेल्या माणसाला १९७२ च्या कूळ व जमीन सुधारणा कायद्याच्या कलम ११८ मुळे सरकारी परवानगीवाचून जमीन विकत घेता येत नाही. त्यामुळे आमच्यासारखे बहुतेक लोक भाडेकरूच असतात, आणि कोणतीही दुरुस्ती हाती घेण्यापूर्वी घरमालकाला विचारणे हे शिष्टाचाराचे तसेच शहाणपणाचेही ठरते. आम्ही डिसेंबरअखेरपर्यंत तेथे राहतो, मग घर बंद करून खाली येतो आणि मार्चमध्ये परत जातो. म्हणून पुढील सूचना राहत्या घरासाठी आणि बंद ठेवायच्या घरासाठी, अशा दोन्ही प्रकारे उपयोगी पडाव्यात.

रत्नागिरीकडचा पाऊस कितीही झोडपणारा असला, तरी तो पागोळ्यांवाटे वाहून जातो. डोंगरातील पाणी मात्र बर्फ होऊन घरावर, घराखाली आणि नळांच्या आत महिनोन्‌महिने मुक्काम करते. गोठताना पाणी आकारमानाने सुमारे ९ टक्के फुगते, आणि ज्या फटीत, नळात किंवा भांड्यात ते अडकलेले असते ती जागा त्याला पुरली नाही की ते ती फोडते. दिवसा वितळायचे आणि रात्री पुन्हा गोठायचे, हा प्रकार एका हिवाळ्यात कित्येकदा घडतो. म्हणून घराभोवती फिरताना प्रत्येक ठिकाणी मी एकच प्रश्न विचारतो, की येथे पाणी थांबते का. आणि कामांची यादी त्या उत्तरावरून आपोआप तयार होते.

कामे केव्हा धरावीत

सप्टेंबरअखेर मोसमी पाऊस हिमाचलातून माघार घेतो आणि त्यानंतरचे पाच-सहा आठवडे कोरड्या, लख्ख उन्हाचे असतात. कामाचा काळ हाच होय. पण या काळात माणसे मिळणे सोपे नसते. देशभर दसरा संपतो त्या विजयादशमीला कुल्लूचा दसरा सुरू होतो आणि सात दिवस चालतो. गावोगावचे देव पालखी-रथांतून ढालपूरच्या मैदानाकडे निघतात आणि त्यांच्याबरोबर गावातील मिस्त्रीही जातो. नेपाळी कामगार असतील, तर ते दशैं आणि तिहार या आपल्या सणांसाठी घरी गेलेले असतात. पहिल्या वर्षी हे ठाऊक नसल्यामुळे आम्ही छपराच्या दगडी पाट्या आणि वाळू अंगणात रचून दहा दिवस नुसते बसून राहिलो. तेव्हापासून मिस्त्रीशी बोलणे सप्टेंबरच्या सुरुवातीलाच पक्के करतो आणि सामान खेचरांवरून पावसाची उघडीप पाहून वर आणून ठेवतो.

ओली कामे आधी आणि कोरडी कामे मागाहून, हा क्रम सोडू नये. सिमेंट ५ अंशांखाली धड आवळत नाही आणि आवळण्यापूर्वी ते गोठले, तर त्याचा भुगाच हाती येतो. मातीच्या लिंपणालाही वाळायला ऊन लागते. कार्तिकात पहाटेचे दव गवतावर गोठू लागले, की ओल्या कामांचा हंगाम संपला असे समजावे.

पाण्याच्या वाटा आणि भिंती

सुरुवात घराच्या मागच्या बाजूपासून करावी. उतारावरच्या घराची मागची बाजू डोंगराला टेकलेली असते, आणि पावसाळ्यात तेथील चर माती-पानांनी भरून जातो. तो फावड्याने खणून स्वच्छ करावा, त्याचा उतार घरापासून दूर जातो की नाही हे बादलीभर पाणी ओतून पाहावे. दगडी धारक भिंतीला तिकडे ‘डंगा’ म्हणतात. डंग्यातील पाणी बाहेर पडण्याची भोके बुजलेली असतील, तर ती सळईने मोकळी करावीत, कारण मागे साठलेले पाणी गोठले की डंगा पोटाकडून फुगतो आणि वसंतात कधीतरी कोसळतो. डंग्याला पोट आलेले दिसले, तर त्यावर सिमेंट फासून समाधान मानू नये; तेवढा भाग उतरवून पुन्हा रचावा लागतो.

भिंतींबाबत एक इशारा दिला पाहिजे. या भागातील जुनी घरे ‘काठ-कुणी’ पद्धतीची असतात: देवदाराच्या तुळया आणि दगडांचे थर एकाआड एक रचलेले, मध्ये चुना किंवा सिमेंट नाही. ४ एप्रिल १९०५ च्या कांगडा भूकंपात या पद्धतीची अनेक बांधकामे टिकली, कारण भिंतीचे थर हादऱ्याबरोबर थोडे हलतात आणि पुन्हा बसतात. शहरातून आलेल्या माणसाला त्या भिंतीतील फटी दिसताच सिमेंटची गोणी आठवते. तो मोह आवरावा. सिमेंटमुळे भिंत ताठर होते आणि त्याच्यामागे ओल कोंडून देवदारासारखे चिवट लाकूडही कुजू लागते. चाळलेली माती, बारीक कापलेला पेंढा आणि शेण यांचे लिंपण करून दोन-तीन दिवस मुरू द्यावे आणि ते फटींत बोटांनी दाबून भरावे. उंदीर शिरतील अशा बोटभर रुंदीच्या भोकांत आधी भांडी घासायची तारेची चोथी कोंबून मग लिंपण लावावे, कारण नुसती माती ते एका रात्रीत उकरतात.

छप्पर

छपरावर वेळ आणि पैसा सढळ हाताने खर्च करावा. तेथील छप्पर पाटीच्या दगडाचे, म्हणजे स्लेटचे असते. अशी पाटी शंभर वर्षेही टिकते. तिला धरणारा लोखंडी खिळा मात्र त्याच्या कितीतरी आधी गंजतो आणि पाटी घसरते. म्हणून प्रथम माळ्यावर जाऊन, दिवा न लावता, भर दुपारी पाच मिनिटे अंधारात उभे राहावे. डोळे सरावले की जेथून ऊन आत येते ती ठिकाणे ताऱ्यांसारखी दिसू लागतात. प्रत्येक ठिकाणाजवळच्या वाशावर खडूने खूण करावी. वाशांवर आणि रिपांवर पाण्याचे काळपट ओघळ दिसले, तर तेथे पेचकसाचे टोक दाबून पाहावे. टोक सहज आत गेले, तर लाकूड बदलावे लागेल.

नंतर छपरावर चढायचे, पण पाट्यांवर पाय द्यायचा नाही. आढ्याला अडकेल अशी आकड्याची शिडी पाख्यावर आडवी टाकावी आणि तिच्यावरूनच काम करावे, कमरेला दोर बांधावा आणि दोराचे दुसरे टोक पलीकडच्या पाख्यावरून खाली एखाद्या झाडाला बांधावे. नवी पाटी घेताना मडके वाजवून घेतात तशी ती बोटाच्या पेराने वाजवून पाहावी: चांगली पाटी खणखणते, आत चीर गेलेली पाटी बद्द वाजते. आमचे मिस्त्रीजी माझ्या हाती पाट्या देऊन स्वतः पाठ फिरवून उभे राहतात आणि केवळ आवाजावरून ‘यह नहीं’ म्हणतात. अजून त्यांचा अंदाज चुकलेला मी पाहिलेला नाही.

मधलीच एक पाटी निसटली असेल, तर तिच्यावरच्या पाट्या न काढताही ती बसवता येते. रिकाम्या जागेत खालच्या दोन पाट्यांमधील सांध्यातून रीप दिसते. तेथे बोटभर रुंदीची तांब्याची पट्टी एका खिळ्याने ठोकावी, पट्टीचे टोक खाली लोंबत ठेवावे, नवी पाटी वरच्या पाट्यांच्या पोटाखाली सरकवून नेमक्या ओळीत आणावी आणि मग पट्टीचे टोक पाटीच्या खालच्या कडेवरून वर वळवून चेपावे. पाटी त्या आकडीवर बसून राहते. पट्टी दुमडून दुहेरी केली तर अधिक चांगले, कारण एकेरी पट्टी घसरत्या बर्फाने सरळ होते. खिळे तांब्याचे किंवा जस्त चढवलेले असावेत.

छपरावर किती वजन येते याचा अंदाज एकदा मनाशी करून ठेवावा. भुरभुरीत ताजा बर्फ हलका असतो, पण काही दिवस दबलेला बर्फ घनमीटरला साधारण २०० ते ३०० किलो भरतो. समजा, घराचा वरून दिसणारा विस्तार ८० चौरस मीटर आहे आणि छपरावर फूटभर, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर दबलेला बर्फ आहे. तर तो अंदाजे ६ टन झाला. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यावर पाऊस पडला तर हे वजन आणखी वाढते. म्हणून माळ्यावरील तुळयांचे सांधे, भेगा आणि टेकू नीट पाहावेत, शंका आली तर मधोमध एक खांब द्यावा, आणि त्या खांबाच्या खाली तळमजल्यावरही आधार आहे याची खात्री करावी. घरात राहणार असाल, तर बर्फ खाली उभे राहून लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने ओढावा. लोखंडी फावडे पाट्या फोडते. बर्फ निसटतो तेव्हा इशारा देत नाही, त्यामुळे वळचणीखाली सरपण, मोटारसायकल किंवा पाळलेला कुत्रा यांपैकी काहीही ठेवू नये, आणि दारावरून जाणारी वळचण असेल तर तिच्याखाली तिरपा पत्रा मारून बर्फ बाजूला वळवावा.

लाकूडकाम

दारे-खिडक्या पावसाळ्यात फुगलेल्या असतात. त्या ऑक्टोबरभर सुकू द्याव्यात आणि मगच रंधा मारावा, अन्यथा हिवाळ्यात त्यांच्या कडेने बोटभर फटी पडतात. वारा कोठून येतो हे शोधायला उदबत्तीसारखे साधन नाही. वाऱ्याच्या दिवशी पेटलेली उदबत्ती चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवावी आणि धूर जेथे आडवा होईल तेथे लोकरीची किंवा फोमची पट्टी लावावी. खिडक्यांना दुहेरी काच बसवणे महाग पडते. चौकटीच्या आतल्या बाजूने जाड पारदर्शक प्लास्टिक ताणून, लाकडी पट्ट्यांखाली दाबून बसवले तरी काच आणि प्लास्टिक यांच्यामधील हवेमुळे खोली बऱ्यापैकी उबदार राहते. एक खिडकी मात्र उघडती ठेवावी. तिचे कारण पुढे येईल.

बाहेरच्या लाकडाला जवसाचे तेल लावण्याची पद्धत चांगली आहे. पहिल्या हाताला त्यात निम्मे टर्पेंटाइन मिसळावे, तेल मुरल्यावर वरचे उरलेले फडक्याने पुसून काढावे आणि कोरड्या हवेत दुसरा हात द्यावा. येथे धोका तेलाचा नसून फडक्याचा असतो. जवसाचे तेल सुकताना हवेतील प्राणवायूशी संयोग पावते आणि उष्णता सोडते. फडक्यांचा बोळा करून टाकला, तर ती उष्णता आत कोंडून फडकी आपोआप पेटू शकतात. दुसऱ्या वर्षी मी असा बोळा लाकडाच्या कपच्यांशेजारी ठेवून जेवायला गेलो होतो. परत आल्यावर तो उचलला, तेव्हा नुकत्याच उकडलेल्या बटाट्याइतका गरम होता. तेव्हापासून तेलाची फडकी कुंपणावर एकेक करून पसरतो आणि वाळल्यावर पाण्याच्या डब्यात बुडवून मगच फेकतो.

तंदूर आणि सरपण

हिमाचलात खोली तापवण्याच्या पत्र्याच्या शेगडीला ‘तंदूर’ म्हणतात. काश्मीर-लडाखकडे तिलाच ‘बुखारी’ म्हणतात. तिच्याशिवाय हिवाळा निघत नाही, आणि तिच्यामुळे घर जाण्याची भीतीही तितकीच खरी आहे. लाकडी घरे एकमेकांना खेटून असलेल्या गावात एका ठिणगीने काय होते, ते जानेवारी २००८ मध्ये मलाणा गावाने पाहिले. तेव्हा गावाचा मोठा भाग जळून गेला.

ऑक्टोबरमध्येच धुराड्याचे सर्व नळ सुटे करून अंगणात आणावेत, उन्हाकडे धरून एकेका नळातून आरपार पाहावे. सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला तरी तो नळ बाद समजावा. आत कोरडी काजळी असेल तर ती तारेच्या ब्रशने निघते. काळा, काचेसारखा चकाकणारा डांबरी थर असेल, तर त्याचा अर्थ गेल्या वर्षी ओले सरपण कोंडलेल्या आगीत जाळले गेले असा होतो. हा थर धुराड्यातच पेट घेतो. तो सुटत नसेल तर नळ बदलावा. नळ पुन्हा जोडताना वरच्या नळाचे निमुळते तोंड खालच्या नळाच्या आत जाईल असे जोडावेत, म्हणजे पाझरणारा डांबरी द्राव सांध्यातून भिंतीवर न येता आतल्या आत तंदुरात उतरतो. धूर वरच्या दिशेने जातो म्हणून जोडही उलटा हवा, असे पुष्कळांना वाटते. ते चूक आहे.

एकेरी पत्र्याचा नळ कोणत्याही लाकडापासून किमान दीड फूट दूर असावा. तो भिंतीतून किंवा छपरातून जेथे बाहेर पडतो, तेथे लाकूड ऐसपैस कापून, मध्ये दुहेरी पत्र्याची बाही बसवून पोकळीत न जळणारे भरण घालावे. धुराड्याचे तोंड छपरातून निघते तेथून किमान ३ फूट उंच, आणि १० फुटांच्या परिघात जे काही सर्वांत उंच असेल त्याच्याहून किमान २ फूट वर असावे. तसे नसल्यास वारा धूर उलटा खोलीत ढकलतो.

झोपताना तंदूर विझत आणावा आणि वर सांगितलेली खिडकी दोन बोटे उघडी ठेवावी. कोळशाची उघडी शेगडी बंद खोलीत घेऊन झोपलेली माणसे सकाळी मृत सापडल्याच्या बातम्या उत्तर भारतात दर हिवाळ्यात येतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्याला तो जागे करीत नाही. त्याची सूचना देणारे बॅटरीवरचे छोटे यंत्र विकत मिळते. ते घ्यावे. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालून घराबाहेर दगडावर ठेवावी, कारण तिच्यातील निखारे दोन-तीन दिवसांनीही जिवंत असू शकतात.

सरपण रीतसर पावती घेऊन डेपोतून आणावे. जंगलातील लाकडावर गावकऱ्यांचे जे पिढीजात हक्क आहेत ते भाडेकरूला लागू होत नाहीत. सफरचंदाच्या बागांतील छाटणीचे आणि जुन्या झाडांचे लाकूडही विकत मिळते आणि ते छान, सावकाश जळते. बान, म्हणजे तिकडचा ओक, उष्णतेला सर्वांत चांगला. देवदार आणि कैल (तिकडचा एक पाइन) यांत राळ असल्याने ते पेटवणासाठी ठेवावेत. लाकूड फोडून, जमिनीपासून वीतभर उंचीवर, वरून झाकून पण बाजू मोकळ्या सोडून रचावे. सुकलेल्या ओंडक्याच्या टोकाला तारकाकृती भेगा पडलेल्या असतात आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणक आवाज येतो.

नळ, आणि घर बंद करताना

घराचे पाणी बहुधा वरच्या झऱ्यावरून काळ्या प्लास्टिकच्या नळीने येते. ही नळी गोठण्याला लोखंडी नळापेक्षा अधिक काळ तोंड देते, पण तिचे सांधे आणि पितळी तोट्या फुटतात. नळी जमेल तेथे दीड-दोन फूट खोल पुरावी. उघड्या भागावर फोमचे वेष्टण चढवून ते वरून प्लास्टिकने बांधावे, कारण भिजलेले वेष्टण काही उपयोगाचे नसते. राहत्या घरात रात्री एक नळ बारीक धारेने वाहता ठेवतात. ती धार सांडपाण्याच्या नळातून दूर जाईल याची काळजी घ्यावी, नाही तर सकाळी दारातच बर्फाची घसरगुंडी तयार होते. नळ गोठलाच, तर त्याला कधीही ज्योत लावू नये: प्रथम तोटी उघडावी आणि मग गरम पाण्यात पिळलेले फडके तोटीकडून सुरुवात करून मागे मागे नेत जावे, म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहते.

घर बंद करताना झऱ्याकडील नळी सोडवावी, मग घरातील सर्वांत खालची तोटी आणि त्यानंतर बाकीच्या सर्व तोट्या उघडाव्यात. नळी जेथे झोळासारखी खाली आली असेल तेथे पाणी राहतेच, म्हणून ती जागा उचलून रिकामी करावी. गीझरची वीज आधी बंद करून मग त्याची टाकी तळाच्या बुचातून रिकामी करावी, पंपाचे बूच काढावे, गाळणयंत्रातील भाग काढून सुकवावेत. पहिल्या हिवाळ्यात मी हे सारे केले आणि संडासाच्या फ्लशची टाकी विसरलो. मार्चमध्ये ती उभी चिरलेली मिळाली आणि नवी टाकी पाठीवर बांधून पाऊण तास चढवावी लागली. कमोडच्या वाकातील पाणीही फडक्याने टिपून काढावे आणि दुर्गंधी येऊ नये म्हणून तेथे कापडाचा बोळा बसवावा.

इन्व्हर्टरची बॅटरी पूर्ण भारित करून सोडावी. भारित बॅटरीतील आम्ल सहसा गोठत नाही, पण रिकाम्या बॅटरीतील द्राव उणे १० अंशांच्या आसपास गोठून तिचे कवच फोडू शकतो. सौरपट्ट्या असतील तर त्या ४५ अंशांपर्यंत उभ्या कराव्यात. बंजारच्या अक्षांशावर २१ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य जेमतेम ३५ अंश वर येतो, आणि उभ्या पट्टीवरून बर्फही लवकर घसरतो. राहणाऱ्यांनी गॅसचे सिलिंडर शक्यतो उन्हाच्या बाजूला ठेवावे. त्यातील ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होईनासा होतो आणि शेगडी मंदावते, तेव्हा सिलिंडर शेकण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. १५ दिवसांचे धान्य, नेहमीची औषधे आणि मेणबत्त्या घरात असाव्यात, कारण पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारे हिवाळी वादळ, आला की ३,१२० मीटरवरचा जलोडी जोत, म्हणजे खिंड, बंद होतो आणि खालचा रस्ताही काही दिवस अडू शकतो.

किल्ली शेजाऱ्यांकडे द्यावी आणि दर मोठ्या हिमवर्षावानंतर छपराकडे एकदा नजर टाकण्याची त्यांना विनंती करावी. मार्चमध्ये परतल्यावर गारठलेल्या अंगाला पहिली इच्छा तंदूर पेटवण्याची होते, पण त्याआधी बाहेर जाऊन धुराडे उभे आहे का ते पाहावे, कारण घसरत्या बर्फाने ते मुळापासून वाकवलेले असू शकते. त्यानंतर सर्व तोट्या बंद कराव्यात, झऱ्याची नळी जोडून पाणी थोडे थोडे सोडावे आणि एका माणसाने नळांच्या कडेने कान लावून फिरावे.